मे महिन्यातलं कोकण आणि गाडीचा दम

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ताम्हिणीने खाली उतरून माणगाव, चिपळूण, गुहागर, तवसाळ-जयगड फेरीबोट, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि येताना आंबोलीने वर असा फेरा केला. दोन गाड्या होत्या. माझी १.२ लिटरची पेट्रोल, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेली, दादाची १.५ लिटरची टर्बो डिझेल. दोन्हींत ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं, छोटं यंत्र लावलं होतं, त्यामुळे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं आणि कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) मोबाईलवर दिसत होतं. राहायचं कुठे आणि मासे कुठे खायचे हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी गाडीबद्दल लिहितेय, कारण सुट्टीत घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि सावली शोधणारी त्यांतली पोरंबाळं बघवत नाहीत. त्यातल्या बऱ्याच गाड्या थांबायची वेळ टाळता येते.

आधी एक गोष्ट मनात वेगळी करून घ्या. गाडीचा दम कमी पडणं आणि गाडी गरम होणं ही दोन निराळी दुखणी आहेत. पहिलं हवेमुळे होतं, सगळ्याच गाड्यांना होतं आणि त्यात बिघाड काहीच नसतो. दुसरं झालं तर कूलिंगमध्ये नक्की काहीतरी बिनसलंय. लोक नेमकी उलट वागणूक ठेवतात. गाडी ओढत नाही म्हणून घाबरून थांबतात, आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला तरी ‘उन्हाळाच आहे’ म्हणत रेटत राहतात. दुसऱ्या प्रकारात हेड गॅस्केट (इंजिनाचे दोन भाग घट्ट जोडणारी पट्टी) जातं आणि सुट्टीचा सगळा खर्च गॅरेजात होतो.

पुण्याहून पहाटे पाचला निघालो. ताम्हिणीत हवा गार होती, इंजिनात जाणारी हवा २९ अंशांच्या आसपास, आणि गाडी नुसत्या इशाऱ्यावर पळत होती. घाट उतरून कोकणात शिरलं की चित्र बदलतं. पायथ्यालगतचं भिरा दर उन्हाळ्यात तापमानासाठी बातमीत असतं. मार्च २०१७ मध्ये तिथे ४६ अंशांच्या वर नोंद झाली होती. समुद्राचा वारा इथवर नीट पोचत नाही आणि पाठीशी सह्याद्रीची भिंत. म्हणून कोकण म्हणजे समुद्रकिनाऱ्याचं हवामान असं धरून चालू नका. माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण हा आतला पट्टा किनाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. चिपळूणला दुपारी गाडीचा डिस्प्ले ३९ दाखवत होता, तिथून गुहागरला पोचलो तर ३३.

आता इंजिनाचं. इंजिन पेट्रोलवर चालतं तितकंच हवेवर चालतं. हवा तापली की विरळ होते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो. ढोबळ हिशोब असा की हवा ३ अंशांनी तापली की तिची घनता साधारण १ टक्क्याने उतरते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच वाटेने जाते. गाडीच्या कागदावर जी ताकद लिहिलेली असते ती साधारण २५ अंशांच्या हवेला धरून मोजलेली असते. म्हणजे चिपळूणच्या दुपारी ती तुम्हाला मिळत नाहीच.

किनाऱ्यावर हवा गार, मग गाडी खूश व्हायला हवी. थोडी होते, पण तिथे दमटपणा आडवा येतो. हवेतली वाफ प्राणवायूची जागा खाते. मेमधल्या घामट दुपारी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर इंजिनात जाणाऱ्या हवेचा सुमारे साडेतीन टक्के भाग नुसती वाफ असते. गंमत बघा, जुलैच्या मुसळधार पावसात २६ अंशांना आर्द्रता ९५ टक्के असली तरी वाफेचं प्रमाण यापेक्षा किंचित कमीच भरतं, कारण गार हवेत वाफ मावतच कमी. पावसात गाडी जास्त हलकी पळते असं कोकणातले ड्रायव्हर सांगतात, त्यामागे हे दोन्ही आहे: हवा गार आणि वाफही थोडी कमी. दमट हवेत इंजिन ठोकण्याची (इंधन अवेळी पेटून खटखट होण्याची) शक्यता मात्र कमी होते, हा त्यातला फायदा.

ही सगळी घट सपाट रस्त्यावर ७० च्या वेगाने जाताना तुम्हाला कळणारही नाही. अ‍ॅक्सिलरेटर अर्धाच दाबलेला असतो, जरासा जास्त दाबला की भरपाई झाली. कळते ती पूर्ण ताकद मागितल्यावर, म्हणजे चढावर आणि ओव्हरटेक करताना. मुंबई-गोवा महामार्गावर ट्रकच्या मागून बाहेर काढताना हे ध्यानात ठेवा. थंडीत दापोलीच्या पहाटे ज्या अंतरात ओव्हरटेक आरामात झाला होता, तेवढंच अंतर मेच्या दुपारी, एसी चालू आणि गाडी भरलेली असताना पुरत नाही. मी या वेळी सरळ ठरवलं होतं की समोरचा रस्ता नेहमीच्या दीडपट मोकळा दिसल्याशिवाय बाहेर काढायची नाही. कशेडीला आता बोगदा झाल्यामुळे तिथला चढ वाचतो, हे मात्र मोठं सुख आहे.

मोबाईलवरचे आकडे बघताना सगळ्यात शिकण्यासारखं तवसाळच्या फेरीच्या रांगेत दिसलं. बाहेर ३३ अंश. चालत्या गाडीत आत जाणारी हवा ३९-४० असायची. रांगेत एसीसाठी इंजिन चालू ठेवून उभे राहिलो तर आकडा चढत चढत ५८ वर गेला. बॉनेटखालची सगळी धग इंजिन स्वतःच ओढून घेत होतं. जवळपास २० अंशांचा फरक, म्हणजे ६ टक्के दम नुसता उभं राहून गेला. जयगडच्या धक्क्यावरून वर येणाऱ्या चढाला गाडी पहिल्या गिअरमध्येही कुरकुरली. आत जाणारी हवा पुन्हा चाळिशीत यायला चालत्या गाडीत चारपाच मिनिटं लागली. फेरीच्या रांगेत इंजिन बंद करा, काचा उघडा, खाली उतरून खाडीचा वारा खा. फेरीतून उतरल्यावरच्या चढाला एसी बंद ठेवा आणि जरा पुढे गेल्यावर लावा.

दादाच्या डिझेलला हे सगळं कमी जाणवलं. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे बाहेरची हवा विरळ असली तरी तो बरीच भरपाई करतो. पण दाबलेली हवा शंभर अंशांच्या पुढे तापते, ती गार करायला इंटरकूलर असतो, आणि इंटरकूलरवर वारा लागला तरच तो काम करतो. गणपतीपुळ्याच्या गर्दीत रांगत चाललो होतो तेव्हा दादाच्या गाडीचाही आकडा सत्तरीजवळ गेला. छोटी टर्बो पेट्रोल असेल तर जास्त जपा. आत गरम हवा गेली की इंजिन ठोकू नये म्हणून कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो आणि ताकद आपोआप कापतो. त्यात गाडीची तक्रार नसते, ती स्वतःला वाचवत असते. सीएनजीवाल्यांसाठी एकच सांगणं: गॅस स्वतःच हवेची जागा घेतो, ताकद मुळात कमी, म्हणून घाट लागायच्या आधी पेट्रोलवर घ्या.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीमार्गे मालवणपर्यंत सागरी रस्त्याने गेलो. आरे-वारेचा उतार, पावस, पूर्णगडची खाडी, पुढे देवगड. रस्ता सुंदर आहे आणि गाडीला तसा त्रास नाही, दुपारी खारा वारा सुटतो. इथे चढ छोटे पण उभे असतात, खाडीवरच्या पुलाकडून सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) आणि पुन्हा खाली. तिसऱ्यात घुसमटत चढवण्यापेक्षा आधीच दुसऱ्यात टाका आणि इंजिन २५००-३००० फेऱ्यांवर (आरपीएम) राहू द्या. कमी फेऱ्यांवर जोर लावला की इंजिन तापतं जास्त आणि पाण्याचा पंपही सावकाश फिरतो. उतारावर त्याच गिअरमध्ये या, ब्रेक वाचतात. टायरमधली हवा सकाळी गाडी गार असतानाच बघा. साधारण साडेपाच अंशांना १ पीएसआय वाढतो, त्यामुळे दुपारी पंपावर ३-४ पीएसआय जास्त दिसले म्हणून हवा सोडू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर बसलेले मिळतील.

मालवणला एका गॅरेजवाल्या काकांकडे दोन्ही गाड्या दाखवल्या, कारण पुढे आंबोली होती. त्यांनी पुढची जाळी काढून टॉर्च मारला. रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या कंडेन्सरच्या पात्यांत किडे, आणि त्यावर महामार्गाच्या कामाची आणि जांभ्याची तांबडी धूळ दमट हवेत चिकटून थर झालेला. वरून गाडी चकाचक दिसत होती. काकांनी पाण्याची धार आतून बाहेर मारली, कमी दाबाने, कारण जोराने मारली तर पाती वाकतात. सुरुवातीला पाणी विटकरी रंगाचं निघत होतं. त्यानंतर चढावर कूलंटचा काटा आधीपेक्षा चारपाच अंश खाली राहिला. कोकणात उतरल्यावर दोनेक दिवसांनी हे करून घ्याच. कूलंटमध्ये विहिरीचं पाणी भरू नका. कंपनीने सांगितलेलं तयार मिश्रण लिटरभर बरोबर ठेवा.

आता आंबोली. सावंतवाडीहून वर जाताना सगळ्या गोष्टी एकत्र येतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ८ टक्के कमी. वर हवा ५-६ अंश गार असल्याने त्यातले २ टक्के परत मिळतात. पण तुम्ही भर दुपारी निघालात तर हिशोब असा होतो: उन्हाचे ४-५ टक्के, दमटपणाचे ३-४, उंची जसजशी वाढेल तसे ५-६, आणि एसीचे ३-४ घोडे (हॉर्सपॉवर). ८० घोड्यांच्या गाडीत माथ्याजवळ ६५-६७ उरतात, त्यात पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. पहाटे साडेपाचला एसी बंद करून निघालं तर यातलं जवळपास निम्मं वाचतं. आम्ही तसंच केलं. माझी गाडी बहुतेक चढ तिसऱ्यात गेली, वळणांवर दुसऱ्यात. एसी बंद आणि काचा उघड्या असताना आंबोलीची हवा मिळते, तो भाग वेगळाच.

घाटाच्या मधल्या टप्प्यात एक गाडी उभी होती, बॉनेटमधून वाफ, आणि चालक रुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालत होता. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने लांबूनच ओरडून थांबवलं, “झाकण उघडू नकात, गरम पाणी अंगार येतला!” अगदी बरोबर सांगितलं त्याने. झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट ११५-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि त्या क्षणी सगळं उकळून उसळतं. हात-तोंड भाजल्याशिवाय राहत नाही.

काटा वर चढायला लागला तर एसी लगेच बंद, हीटर पूर्ण चालू, पंखा जोरात, काचा खाली. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. तुम्हाला भट्टीत बसल्यासारखं होईल, पण इंजिनाची धग आत ओढली जाते. तरीही काटा खाली येत नसेल तर वळण सोडून सुरक्षित जागी घ्या. वाफ किंवा गळती नसेल तर मिनिटभर न्यूट्रलमध्ये चालू ठेवा म्हणजे पंखा आणि पंप फिरत राहतील. वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यात गेला तर ताबडतोब बंद. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. त्या गाडीचा रेडिएटरचा पंखाच फिरत नव्हता, फ्यूज उडाला होता. निघायच्या आधी घरी गाडी दहा मिनिटं उभी चालू ठेवून, एसी लावून पंखा फिरतोय ना हे बघितलं तर असे प्रकार दारातच कळतात.

पावसाळ्यात याच रस्त्याने जाणाऱ्यांना दम पुरेल, धोका पाण्याचा आहे. तुमच्या गाडीचा हवा ओढणारा पाइप बॉनेटमध्ये किती उंचीवर आहे ते आत्ताच बघून ठेवा. पाणी अर्ध्या चाकाच्या वर दिसलं तर गाडी घालू नका, आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो.

आजरा-निपाणी मार्गे पुण्याला आल्यावर पहिल्याच रविवारी एअर फिल्टर काढला. निघताना नवा टाकलेला होता, आणि घड्यांच्या खाचांत तांबडी भुकटी दाबून बसलेली. कागदी फिल्टर धुवायचा नाही. हलकेच झटकून चालतो का बघा, नाहीतर बदला. खाली चाकांच्या आतली बाजू गोड्या पाण्याने धुवा आणि बॅटरीचे टर्मिनल कोरड्या फडक्याने पुसून घ्या, खाऱ्या हवेचा परिणाम तिथे चार महिन्यांनी दिसतो.