काज

मी पोर्ट्रेट करतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कुठं शिकलात?" गणपतीच्या कारखान्यात, असं सांगितलं की समोरचा "अच्छा" म्हणतो. त्या "अच्छा"तच मला पुढचं सगळं कळतं.

काम होतं डॉ. आंबेडकरांच्या अर्धपुतळ्याचं, एका अभ्यासिकेसाठी. कमिटीची पहिली बैठक वयावरच संपली. काहींना महाडचे, १९२७ चे, पस्तीस-छत्तिशीतले बाबासाहेब हवे होते, तर काहींना संविधान सोपवतानाचे, १९४९ चे, अठ्ठावन्न वर्षांचे. मधल्या बावीस वर्षांत माणसाचा चेहरा बदलतो, हे कुणी बोलेना. एक जण म्हणाला, "संसदेत आहे तसाच करा." संसदेतला शिल्पकार ब्रह्मेश वाघांनी केलेला, १९६७ सालचा पुतळा उभा आहे, हात उंचावलेला. आमचा छातीपर्यंतचा. हात आणू कुठून?

शेवटी १९४९ ठरलं आणि त्यांनीच एक फोटो दिला. मोठा, सुरकुती न् सुरकुती दिसणारा, चेहरा जरासा वळलेला.

इथं थोडं सांगतो. गणपती करणाऱ्या हाताला दोन्ही बाजू सारख्या करायची खोड असते. पोर्ट्रेटमध्ये तीच खोड घात करते. माणसाचा एक डोळा बारीक असतो, ओठाचा एक कोपरा खाली असतो, आणि ओळख बसते ती त्या फरकात. ही खोड मोडायला मला सहा वर्षं लागली. या कामात तर मी कॅलिपर लावून, वहीत आकडे लिहून, डावं-उजवं वेगळं ठेवत गेलो. भुवईचा चढ तीन वेळा खरवडून काढला आणि पुन्हा लावला. चष्मा पितळी तारेचा केला, काचा मोकळ्या ठेवल्या. तारेची सावली डोळ्यावर पडते म्हणून बुबुळाची खाच नेहमीपेक्षा खोल घेतली आणि आत मातीचा एक कण चकाकीसाठी ठेवला. तो कण बसला आणि मूर्ती बघायला लागली.

चौकातला पुतळा असता तर मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागली असती. हा आत बसणार होता, त्यामुळं बघणारे कमिटीवालेच. ओलं फडकं काढलं, सगळे गप्प झाले, मग "हुबेहूब!" फोटो निघाले. चौदा एप्रिलला अकरा दिवस राहिले होते.

सगळे चहाला गेले तेव्हा एक म्हातारे टेलरमास्तर मागं थांबले. कानाशी येऊन म्हणाले, "दादा, कोटाचं काज उजव्या कॉलरवर कसं? जेंट्सला डावीकडं असतं. बाबासाहेबांचा कोट बघून आम्ही शिवायला शिकलो, म्हणून विचारलं."

मी म्हटलं, फोटोत तसंच आहे. आणि म्हणताना घशाला कोरड पडली.

फोटो फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमधून आला होता. बॅनरवर दोन बाजूंना दोन महापुरुष असले की ही पोरं त्यांना आतल्या बाजूला बघायला लावतात. त्यासाठी एक बटण दाबायचं, चेहरा उलटा होतो. गावात निम्मे महापुरुष असे उलटे टांगलेले असतील. पण त्यांना बोलून काय उपयोग? माझ्याकडं बाकीचे अकरा फोटो होते. ते या फोटोशी जुळत नव्हते आणि मी दोष उजेडाला दिला होता. रीतसर शिकलेल्याला हे कुणीतरी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं.

रात्री घरातला आरसा काढून आणला आणि मातीसमोर धरला. आरशात बाबासाहेब होते, अकराही फोटोंतले. आरशाबाहेर त्यांच्यासारखं दिसणारं कुणीतरी.

कॉलर फिरवायला अर्धा तास लागला. चेहऱ्याला हात घातला, भुवई उतरवली, दुसरी चढवली, ओठ हलवला. पहाटे चार वाजता समोर कुणीच नव्हतं, नुसती माती होती. मग वही उघडली आणि जुन्या आकड्यांनी सगळं होतं तिथं आणून ठेवलं. उलटं. सकाळी रबर मोल्डला सुरुवात केली.

अनावरणाला गर्दी झाली. एक बाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. मास्तर आले, कॉलरकडं बघितलं, म्हणाले, "आता बरोबर बसलं." मग चेहऱ्याकडं बघत राहिले. मी वायर गुंडाळायच्या निमित्तानं तिथून सटकलो.

परवा शेजारच्या गावातून फोन आला. त्यांनाही अर्धपुतळा हवाय. मी म्हटलं, नवीन करू, मला थोडा वेळ द्या. तिकडून उत्तर आलं, "नवीन कशाला? साचा आहे ना तुमच्याकडं? तसाच पाहिजे. चेहऱ्यात तसूभर फरक नको."

साचा कोपऱ्यात आहे. मी अजून त्यांना उलटा फोन केलेला नाही.