तुम्ही विचारलंत म्हणून: रायडरनं कंपनी बदलावी का?

कोल्हापुरात गॅरेज म्हटलं की रेसच्या गप्पा आल्याच. मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची जागतिक रेस, बघणारी पोरं पंक्चर काढून होईपर्यंत एकदा तरी विचारतात, "काका, मार्केझनं होंडा सोडली ते बरोबर केलं का?" मार्केझ म्हणजे होंडावर जगज्जेता झालेला स्पेनचा रायडर.

आधी माझं सांगतो. वडिलांची जुनी बुलेट चालवून मी तयार झालो. तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. नवी गाडी घेतली, तिचं सगळं उलटं. आठव्या दिवशी रंकाळ्याजवळ म्हैस आडवी आली आणि मी जिवाच्या आकांतानं डावा पाय दाबला. ब्रेकऐवजी गिअर पडला. गुडघा फुटला. म्हैस जागची हलली नाही. तेव्हा वेग असेल तीस. हे रेसर ताशी साडेतीनशेला ब्रेक मारतात.

म्हणून मी पगार, करार बघत नाही. गाडी अंगाला कळते का, एवढंच बघतो.

इटलीचा रायडर रॉसी सलग तीनदा जगज्जेता होऊन होंडातून यामाहात गेला. पोरांना वाटतं, मोठ्या ताकदीचं इंजिन मिळालं असणार. तसं नव्हतं. यामाहानं चार इंजिनं पुढं ठेवली, त्यातलं त्यानं हाताला गोड लागणारं घेतलं. 2004 ची पहिलीच रेस, दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला, जिंकला आणि गाडीचा मुका घेतला. तोच रॉसी, तोच क्रू चीफ (म्हणजे त्याचा मुख्य मेकॅनिक) बर्जेस, 2011 ला डुकाटी कंपनीत गेले. दोन वर्षांत एक रेस जिंकली नाही. कार्बनची चासी (गाडीचा सांगाडा) जाऊन ॲल्युमिनियमची आली, तरी पुढचं चाक काय करतंय ते त्याला उमगेना.

स्पेनच्या लोरेन्झोची गोष्ट तर जिवाला लागते. यामाहात तीनदा जगज्जेता, डुकाटीत दीड वर्ष एकही विजय नाही. ब्रेक मारताना सगळा भार हातावर येतो, टाकीला टेकता येईल असं करा, म्हणत राहिला. 2018 च्या मे-जूनमध्ये टाकीचा आकार बदलून मिळाला आणि इटलीत मुजेलोला थेट पहिला! पण तोवर फाटलं होतं. त्याच आठवड्यात होंडाचा करार जाहीर झाला. होंडावर पडून हाडं मोडली, 2019 अखेर थांबला. एका टाकीपायी!

आता मार्केझ. जर्मनीत झाक्सनरिंगच्या ट्रॅकवर तो ओळीनं अकरा वेळा जिंकलेला, आणि 2023 ला तिथंच एका वीकएंडला पाच वेळा पडून रविवारच्या रेसमधून बाहेर. घरच्या अंगणात ठेच लागावी तसं. करार एक वर्ष बाकी असताना तो ग्रेसिनी टीममध्ये, वर्ष जुन्या डुकाटीवर गेला. क्रू चीफसुद्धा मागंच राहिला. 2024 ला स्पेनमध्ये अरागॉनला 1043 दिवसांनी जिंकला, 2025 ला जपानमध्ये मोटेगीत पुन्हा जगज्जेता. होंडाच्या दारात, होंडाच्याच ट्रॅकवर.

सोडली ते बरोबरच केलं, माझं मत. उशीरच केला.

परवा एकजण आला. गाडी विकायची म्हणत होता, मनगट दुखतं म्हणून. क्लचचा लिव्हर आभाळाकडे बघत होता. दहाच्या पान्यानं सैल करून दोन बोटं खाली घेतला, आवळला. म्हटलं, पन्हाळ्यापर्यंत जाऊन ये, मग विकायचं बोलू.

अजून आलेला नाही.