एसएफ-फोर एकदाचा वाकला!

एसएफ-फोर म्हणजे सल्फर टेट्राफ्लोराइड, एका सल्फरला चार फ्लोरिन. त्याच्या मॉडेलसाठी लाकडी मणी बाद. पाच भोकं (वर-खाली दोन, मधल्या पट्ट्यात तीन) ड्रिल केलेल्या मण्यातून लोन पेअरची, म्हणजे बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉन-जोडीची, काडी उपटली की सी-सॉचा आकार मिळतो, पण मधल्या पट्ट्यातल्या दोन फ्लोरिनमधला कोन १२० चा १२०च. खऱ्या रेणूत तो सुमारे १०२ आहे आणि वर-खालच्या फ्लोरिनमधला १८० ऐवजी १७३. लोन पेअर दिसत नसली तरी ढकलते, हेच तर दाखवायचंय. (शिवाय पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेले मणी म्हणजे निव्वळ बटाटे.)

म्हणून परत विज्ञान-खेळणीवाल्या अरविंद गुप्तांच्या आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब. काळी रबरीच घ्या, सिलिकॉनची नळी काडी धरत नाही. हल्ली ती मागितली की सायकलवाले आधी चेहऱ्याकडे बघतात. चार काड्यांच्या जोडाला काट्याने भोक पाडून पाचवी जागा केली आणि लोन पेअर म्हणून तिथे फुगा. टोकाला बांधला तर ९० अंशांवर तीन शेजारी, मधल्या पट्ट्यात दोनच. तिथेच तो निवांत बसला. फुगवत गेले तसे समोरचे दोन फ्लोरिन आपोआप जवळ सरकले. कोनमापकावर १०४! घरात ओरडलेच.

वर-खालच्या काड्या मात्र पार १६० पर्यंत कलल्या. जोडाचा हा ढिलेपणा काही केल्या जाईना. काडी खोल सारली, दोरा गुंडाळला. इन्स्टंट गोंद लावला तर काहीच वाकेना. शेवटी त्या दोन काड्यांच्या मधे, ट्यूबच्या पोटातून बारीक पोलादी तार घातली. आता १७० च्या आसपास थांबतात. चालेल.

फुगा मुद्दाम काळा घेतलाय. काळ्या कापडासमोर धरला की उरतो सी-सॉ, पांढऱ्या भिंतीपुढे नेला की ट्रायगोनल बायपिरॅमिड (तळाला तळ जोडलेले दोन तिकोनी पिरॅमिड) पुरा. दोन मॉडेलं करायची गरजच नाही.

पुढे सीएलएफ-थ्रीचा (क्लोरिनला तीन फ्लोरिन) टी आकार करणार होते. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी एक्सईएफ-फोर (झेनॉनला चार फ्लोरिन, दोन लोन पेअर) घ्यावा: फुगे समोरासमोर, ढकलाढकली फिटते, कोन नेमका ९० यायला हवा. नाही आला तर फुगे असमान.

आणि थांबा, तो ढिलेपणा एक्सईएफ-सिक्समध्ये (झेनॉनला सहा फ्लोरिन, एक लोन पेअर) तर हवाच आहे! तिथे लोन पेअरला कायमची जागा नाही, वायुरूपात रेणू सतत रूप बदलतो. तार न घालता जोड मोकळा सोडायचा, फुगा फिरू द्यायचा. म्हणजे एक्सईएफ-फोर नंतर, आधी हाच. फक्त सहाच्या जोडात फुग्याचं तोंड कुठे खोचायचं ते सुचत नाहीये. ट्यूब न फाडता कुणाला जमलं असेल तर रीत सांगा.