काका कोण, मामा कोण: दिल्लीतल्या आश्रय-मुलाखतीला जाऊन आल्यावर

निर्वासित म्हणून आश्रय मागणाऱ्यांची मुलाखत अर्ध्या तासात आटोपते, चार प्रश्न विचारतात आणि सोडून देतात, असे आम्हाला एकाने नव्हे, तिघांनी सांगितले होते. प्रत्यक्षात ती सकाळी साडेनऊला आत गेली आणि दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर आली. मधल्या एका सुट्टीत तिने फक्त पाणी घेतले होते. ज्यांना हीच वाट चालायची आहे त्यांनी कोणाच्याही ऐकीव माहितीवर विसंबून जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ती म्हणजे आमच्या वानवडीच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहणारी अफगाण मुलगी. २०१९ मध्ये शिष्यवृत्तीवर पुण्याला शिकायला आली आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडल्यावर परत जाण्याचा प्रश्नच उरला नाही. मला काकू म्हणते. तिचे नाव, प्रांत आणि घरच्यांची ओळख पटेल असे काहीही येथे देणार नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे. कायद्याची जाणकार नाही, सोबत म्हणून गेले होते आणि मुलाखतीत काय झाले ते तिने बाहेर आल्यावर मला सांगितले तसे लिहिते आहे.

ज्यांना तारीख मिळाली आहे त्यांना पार्श्वभूमी ठाऊकच असणार, तरी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या त्याच्या पुरवणीवर सही केलेली नाही आणि आश्रयासाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. श्रीलंकेतून आलेल्या तमिळांचे आणि तिबेटींचे प्रश्न सरकार स्वतः पाहते. अफगाणिस्तान आणि म्यानमारमधून आलेल्यांची मुलाखत घेऊन निर्णय देते ते संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय. म्हणून त्यांचे कार्ड मिळाले म्हणजे भारतात राहण्याचा सरकारी परवाना मिळाला, असा अर्थ होत नाही. परकीय नागरिकांसाठीचा १९४६ चा कायदा जाऊन आता २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे, त्यामुळे व्हिसा आणि पोलिसांकडची नोंदणी चालू ठेवण्याची काळजी वेगळी घ्यावीच लागते. दिल्लीचा कागद हाती आहे म्हणून पुण्याच्या कागदाकडे दुर्लक्ष करू नका.

पुणे ते निजामुद्दीन हा सव्वीस-सत्तावीस तासांचा रेल्वेप्रवास सुखाचा झाला, त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. जानेवारी असेल तर आग्र्याच्या आसपास धुक्याने गाडी रखडते, म्हणून दोन दिवस आधी पोहोचा, एक दिवस आधी नको. खरा मनस्ताप दिल्लीत उतरल्यावर झाला. स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये मी फोनवर नऊशे रुपये रोजाने खोली ठरवली होती. रात्री साडेदहाला तिचा पासपोर्ट पाहताच तिथल्या माणसाने खोली नाकारली. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती फॉर्म-सी भरून चोवीस तासांत कळवावी लागते आणि लहान लॉजवाले ही कटकट नको म्हणून सरळ हात वर करतात. दुसऱ्या लॉजवाल्याने आमची अडचण ओळखून त्याच दर्जाच्या खोलीचे अठ्ठावीसशे घेतले. खोली ठरवताना पहिल्याच वाक्यात सांगा की पाहुणी परदेशी आहे, फॉर्म-सी भरता का, आणि होकार लेखी मेसेजमध्ये घ्या. मुलाखतीच्या आदल्या रात्री थंडीत सामान घेऊन फिरण्याइतकी वाईट तयारी दुसरी नाही. भोगल किंवा लाजपतनगरला अफगाण कुटुंबांची वस्ती आहे, तिथे ओळखीने सोय होत असेल तर तीच पाहा.

त्याआधीची फसवणूक याहून मोठी आहे. एका ओळखीच्या ओळखीने भेटलेल्या माणसाने ‘फाइल तयार करून देतो’ म्हणून तिच्याकडून अठरा हजार रुपये घेतले होते आणि सहा पानी टाइप केलेली हकिकत देऊन ती पाठ करायला सांगितली होती. त्या हकिकतीत तिला तीन आठवडे कोंडून ठेवल्याचा एक परिच्छेद होता. असे कधीही घडलेले नव्हते. ज्या महिन्यात तिला कोंडले म्हणून लिहिले होते त्या महिन्यात ती पुण्यात परीक्षा देत होती. ती पाने आम्ही वापरली नाहीत. पैसे परत मिळाले नाहीत. नोंदणी, मुलाखत, दुभाषी, निर्णय, अपील, यांतल्या कशालाही एक रुपया पडत नाही, हे उच्चायुक्तालय स्वतः सांगते. पैसे मागणारा माणूस कितीही आपुलकीने बोलत असला तरी तो फसवणाराच समजा. उसनी हकिकत तर विषच आहे, कारण एक खोटी गोष्ट उघडी पडली की उरलेल्या दहा खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आम्ही तयारी केली ती दहा संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून. पहिल्या दोन संध्याकाळी माझ्या हातून चूक झाली: ती अडखळली की मी वाक्य पुरे करून देत असे, सवयीने तिची भाषा नीट करत असे. तिसऱ्या दिवशी ती माझेच शब्द परत बोलू लागली तेव्हा माझ्या ध्यानात आले आणि मी फक्त प्रश्न विचारायचे ठरवले. सोबतीने एवढेच करावे. उत्तरे सुचवू नयेत.

खरी कसोटी तारखांची होती. अफगाण लोक सौर हिजरी सन वापरतात. त्यांचे वर्ष २० किंवा २१ मार्चला, नवरोजला सुरू होते. महिने बारा, आणि त्यांची नावे म्हणजे आपल्याच राशी: हमल म्हणजे मेष, असद म्हणजे सिंह, कौस म्हणजे धनू, जदी म्हणजे मकर, दल्व म्हणजे कुंभ. मला वाटले, आता काम सोपे झाले. पण त्यांची गणना सायन, म्हणजे ऋतूंशी जुळणारी आहे. आपली मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते, तर त्यांचा जदी २२ डिसेंबरच्या आसपासच सुरू होतो, त्यामुळे आपल्या पंचांगाने हिशेब केला तर तीन-साडेतीन आठवडे चुकतात. त्याहून मोठी चूक वर्षाची. नवरोजपासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यांच्या सनात ६२१ मिळवायचे, पण जानेवारीपासून पुढच्या नवरोजपर्यंत ६२२ मिळवावे लागतात. उच्चायुक्तालयाकडच्या नोंदणीच्या वेळी ती एकटी गेली होती आणि घाईत तिने सगळीकडे ६२१ च मिळवले होते.

त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. तिच्या वडिलांनी १३९९ च्या कौसमध्ये, म्हणजे २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, सरकारी नोकरी सोडली. त्यानंतर दल्व महिन्यात घरी शबनामा आला. शबनामा म्हणजे रात्री दाराशी टाकलेले धमकीचे पत्र. तो महिना २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीतला, पण फॉर्मवर २०२० लिहिले गेले. कागदावर उलटेच चित्र उभे राहिले: धमकी आधी आली आणि वडील त्यानंतर दहा महिने निवांत नोकरी करत राहिले. ऐकणारा विचारणारच, मग भीती कसली होती? आम्हाला ही चूक सातव्या संध्याकाळी सापडली. मुलाखत सुरू होताच, कोणी विचारण्याआधी, तिने ती सांगितली, का झाली तेही सांगितले. अधिकारी बाईंनी टिपून घेतले आणि पाच मिनिटांत विषय संपला.

दुसरी चूक मात्र आम्हाला सापडलीच नाही, आणि तिने दीड तास खाल्ला.

अफगाणिस्तानातल्या दरी भाषेत वडिलांच्या भावाला काका म्हणतात आणि आईच्या भावाला मामा, अगदी आपल्यासारखेच. दहा संध्याकाळी ती माझ्याशी मराठी-हिंदी मिसळून बोलत होती, काका म्हणाली की मला काका कळत होता, मामा म्हणाली की मामा. तिच्या काकांची नोकरी सरकारी वकिलाच्या कचेरीत होती, ते निसटून इराणात मशहदला गेले. मामांना १४०० च्या मिजान महिन्यात, म्हणजे २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, घरातून उचलून नेले आणि त्यांचा पत्ता लागलेला नाही. पण नोंदणीची मुलाखत तिने इंग्रजीतून दिली होती, कारण तिचे शिक्षण इंग्रजीत झाले आहे आणि दुभाषी मागणे तिला कमीपणाचे वाटले. इंग्रजीत दोघेही ‘अंकल’. त्यामुळे फाइलमध्ये एकच अंकल होता, जो एका पानावर बेपत्ता होता आणि दुसऱ्या पानावर मशहदहून फोन करत होता.

अधिकाऱ्यांनी ही विसंगती शांतपणे तिच्यापुढे ठेवली आणि खुलासा मागितला. आपल्याला खोटे ठरवले जात आहे असे वाटून ती रडू लागली, बोलणे अडकले. शेवटी दुभाषी बाईंनीच, परवानगी घेऊन, दोन शब्दांतला फरक समजावला, आणि मग दोन्ही माणसांची सगळी माहिती नव्याने विचारली गेली: वय, काम, घर कुठे, शेवटचे कधी पाहिले, कोणाच्या फोनवरून बातमी कळली. बाहेर आल्यावर तिने मला पहिले वाक्य सांगितले ते हे की, ‘काकू, काका आणि मामा एक झाले होते.’ मी थर्मासचे झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. आमच्या घरात दोन्ही शब्द इतके ओळखीचे होते की त्यात काही बिघडू शकते हे माझ्या मनातही आले नव्हते.

म्हणून माझे ठाम मत असे: इंग्रजी कितीही चांगले येत असले तरी मुलाखत मातृभाषेतच द्या. दुभाषी मागणे हा तुमचा हक्क आहे. स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषी हवी असेल तर आधी तसे सांगा, तिला दोन्ही मिळाल्या. दुभाषीची बोली कळत नसेल किंवा ती व्यक्ती ओळखीची निघाली तर सुरुवातीलाच बोला, सहा तासांनी बोलून उपयोग नाही. आणि घरातल्या प्रत्येक माणसाची वंशावळ एका कागदावर काढा, प्रत्येकासमोर नाते, नाव आणि आज तो कुठे आहे हे लिहा. आम्ही परत आल्यावर ती वाणसामानाच्या वहीत काढली, वडिलांकडचे निळ्या आणि आईकडचे तांबड्या पेन्सिलीने. जाण्याआधी काढली असती तर दीड तास वाचला असता.

बाकी प्रश्नांविषयी. १९५१ च्या करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत अशी पाच कारणे आहेत, त्यांपैकी कशामुळे छळाची भीती वाटते हे कळले पाहिजे. पण प्रश्न काही अशा भाषेत येत नाहीत. पत्र पहिल्यांदा कोणी पाहिले, कोणी वाचले, त्यावर शिक्का होता का, शेजाऱ्यांकडेही आले का, असे येतात. ती तेव्हा पुण्यात होती, तिने पत्र पाहिलेले नव्हते. ‘मी पाहिले नाही, भावाने फोनवर सांगितले’ असे तिने प्रत्येक वेळी म्हटले आणि ते योग्यच झाले. जे पाहिले ते पाहिले म्हणा, जे ऐकले ते ऐकले म्हणा, आणि आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका.

तीन प्रश्नांची उत्तरे मात्र आधी स्वतःशी नीट तपासून ठेवा. इतकी वर्षे थांबून आत्ताच अर्ज का केला? तिचे खरे उत्तर साधे होते: शिष्यवृत्ती आणि विद्यार्थी व्हिसा चालू होता तोवर परत जाण्याची सक्ती नव्हती. स्वतःच्याच देशात दुसऱ्या शहरात का राहता येणार नाही? आणि परत गेलात तर नेमके काय होईल, कोणाकडून होईल? देश सोडताना भीती नव्हती, ती नंतर निर्माण झाली, असे असले तरी अर्ज बाद होत नाही. मागे राज्य बदलले किंवा इथे असताना जाहीरपणे मत मांडले, तरी माणूस निर्वासित ठरू शकतो. तिने पुण्यात असताना मुलींच्या शिक्षणाबद्दल दरीत जे लिहिले होते, ते तिला किरकोळ वाटत होते आणि ती सांगणारही नव्हती. अधिकाऱ्यांनी त्यावर पाऊण तास प्रश्न विचारले. आपल्या हकिकतीतले किरकोळ काय हे आपण ठरवू नये.

सकाळी भरपेट खाऊन जा, रोजची औषधे बरोबर न्या, सुट्टी हवी असेल तेव्हा मागा. तिने मागितली नाही आणि शेवटच्या तासात तिचे डोके दुखत होते. शेवटी महत्त्वाचा मजकूर वाचून दाखवला जातो तेव्हा दमून मान हलवू नका, एकेक वाक्य ऐका. मशहदचे काका तिथेही एकदा मामा म्हणून आले होते, ते तिने दुरुस्त करून घेतले. कुटुंबातल्या प्रौढांच्या मुलाखती वेगवेगळ्या घेतल्या जातात, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच पाठ करू नये. एकाच प्रसंगाच्या दोन माणसांच्या आठवणी थोड्या वेगळ्या असणारच.

निकाल अजून आलेला नाही. नकार आला तर तो लेखी आणि कारणांसह येतो, आणि अपिलासाठी साधारण तीस दिवस असतात, म्हणून फोन नंबर किंवा पत्ता बदलला तर त्याच आठवड्यात कळवा आणि पत्र हाती आल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. परवा त्या फाइलवाल्या माणसाचा पुन्हा फोन आला होता, बारा हजारांत निकाल लवकर लावून देतो म्हणाला. तिने मला फोन दाखवला, आम्ही त्याचा नंबर आणि बोलणे तारखेसह लिहून ठेवले आणि उच्चायुक्तालयाला कळवले.