तुम्ही विचारलंत म्हणून : लोकांना खमका नेता का हवा असतो?

मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला वर्गात, नातेवाइकांत, व्हॉट्सॲपवर, कुठेही गाठतो. मॅडम, एवढी शिकलेली माणसं, घरात कुणाचं ऐकून न घेणारी, ती राजकारणाचा विषय निघाला की "एकच खमका माणूस पाहिजे, सगळ्यांना सरळ करेल" असं का म्हणतात? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयार असतं, की लोक मूर्ख आहेत, त्यांना गुलामीच आवडते. मला ते उत्तर अजिबात पटत नाही, आणि ते घातकही वाटतं, कारण एकदा समोरच्याला मूर्ख ठरवलं की त्याचं दुखतंय कुठे हे बघायची गरजच उरत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बहुतेक लोक लोकशाही नको असं म्हणतच नाहीत. २०१७ मध्ये प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने ३८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं, तेव्हा मध्यक काढल्यावर, म्हणजे सगळ्या देशांचे आकडे क्रमाने लावून मधला घेतल्यावर, ७८ टक्के लोक प्रातिनिधिक लोकशाही चांगली असं म्हणत होते आणि २६ टक्के लोक, संसद किंवा कोर्टाची आडकाठी नसलेला जबरदस्त नेता चांगला, असंही म्हणत होते. म्हणजे काही लोकांना दोन्ही एकाच वेळी हवंय. मत देण्याचा हक्क पण हवा आणि सगळं पटापट उरकणारा माणूस पण हवा. मला हे ढोंग वाटत नाही, यामागे एक खरीखुरी गरज आहे, ती म्हणजे आपलं काम कुणाकडे अडलंय हे कळण्याची आणि त्या माणसाला धरता येण्याची. लोकशाहीत एखादी गोष्ट अडली की खातं म्हणतं फाइल वर गेलीय, वरचा म्हणतो प्रकरण कोर्टात आहे, कोर्टात तारीख पडते, आमदार म्हणतो आमचं सरकार नाही, आणि या सगळ्यात कुणीही खोटं बोलत नसतं, पण वर्षं जातात आणि माणूस एकटा पडतो. मग कुणीतरी छाती ठोकून म्हणतं की मी बघतो, जबाबदारी माझी. ते ऐकून किती बरं वाटतं हे ज्याचं कधीच काही अडलं नाही त्याला कळणार नाही.

पेरू देशाचं उदाहरण मी नेहमी देते, कारण तिथे हे सगळं उघड दिसतं. १९९० साली तिथे वर्षाची महागाई ७,००० टक्क्यांच्या वर गेली होती, म्हणजे हातात पडलेला पगार लगेच खर्च केला नाही तर त्याची किंमत डोळ्यांदेखत घटायची. वर 'शायनिंग पाथ' नावाची माओवादी संघटना दहा वर्षं बॉम्बस्फोट, खून, वीज तोडणं असं युद्ध चालवत होती. १९८० ते २००० या वीस वर्षांतल्या बळींचा आकडा सत्यशोधन आयोगाने नंतर सुमारे ६९,००० असा काढला, आणि आयोगाकडे नोंद झालेल्या बळींपैकी निम्म्याहून जास्त या संघटनेनेच मारलेले होते. अशा देशात ५ एप्रिल १९९२ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी टीव्हीवर आले आणि संसद बरखास्त, न्यायव्यवस्थेची पुनर्रचना, असं जाहीर करून मोकळे झाले, रस्त्यावर लष्कर उतरलं. आणि लोक? जनमत चाचण्यांत जवळपास ८० टक्के लोकांनी पाठिंबा दिला. पुढे १९९५ ची निवडणूकही ते सहज जिंकले, तीही संयुक्त राष्ट्रांच्या माजी सरचिटणीसांना हरवून.

संसद बरखास्त केली त्याच वर्षी, म्हणजे १९९२ च्या सप्टेंबरमध्ये, शायनिंग पाथचा म्होरक्या आबिमाएल गुझमान राजधानी लिमात पकडला गेला आणि फुजिमोरींचं नाव कायमचं त्या यशाला चिकटलं. पण तो पकडला गेला कसा हे बघा. पोलिसांचं एक छोटं पथक होतं, ते मार्च १९९० मध्ये, म्हणजे फुजिमोरी निवडून यायच्या आधी, आधीच्या सरकारच्या काळात तयार झालं होतं. ही माणसं महिनोन्महिने संशयितांच्या मागावर राहिली, आणि शेवटी ज्या घरात खाली डान्स स्टुडिओ होता त्या घराचा कचरा रोज उचलून नेऊन चिवडत बसली. त्या कचऱ्यात त्यांना सोरायसिस या त्वचेच्या आजारावरच्या मलमाच्या ट्यूब सापडल्या, विन्स्टन सिगारेटची थोटकं सापडली. गुझमानला सोरायसिस होता हे त्यांना माहीत होतं. १२ सप्टेंबरला त्यांनी आत शिरून त्याला धरला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष अॅमेझॉनच्या भागात मासेमारीला गेले होते. संसद बरखास्त केल्यामुळे तो कचरा जास्त लवकर चिवडला गेला असं काही नाही. महागाईचंही तसंच, तिला आवर घालणारे कडक आर्थिक निर्णय १९९० च्या ऑगस्टमध्येच झाले होते, तेव्हा संसद जागेवर होती.

माझ्या मते या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. चिकाटीने केलेल्या कामाला चेहरा नसतो, त्या कचरा चिवडणाऱ्या पोलिसांची नावं जगात किती जणांना माहीत असतील? लोकांना आभार मानायला, विश्वास टाकायला एक चेहरा लागतो, आणि खमका नेता तो चेहरा पुरवतो, दुसऱ्यांनी केलेल्या कामासकट. मुसोलिनीच्या रेल्वे वेळेवर धावायच्या ही गोष्ट आजही लोक सांगतात, आणीबाणीबद्दलही अगदी हेच वाक्य ऐकलं असेल तुम्ही, आणि इटलीतली बरीचशी रेल्वेदुरुस्ती मुसोलिनी यायच्या आधीच सुरू झाली होती हे मात्र कुणाच्या कानावर आलेलं नसतं.

अजून एक कारण आहे, ते भीती आणि महागाईच्या पलीकडचं आहे. काही लोकांना मतभेद ही गोष्टच सहन होत नाही. अमेरिकेत निवडणुकीच्या अभ्यासात १९९२ पासून मुलं वाढवण्याबद्दल चार साधे प्रश्न विचारतात, मूल आज्ञाधारक असावं की स्वतःच्या पायावर उभं राहणारं, शिस्तीचं असावं की जिज्ञासू, अशा धाटणीचे. त्यात राजकारणाचा शब्दही नाही, आणि तरी त्या उत्तरांवरून माणसाचा हुकूमशाहीकडे कल किती याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. कॅरन स्टेनर या अभ्यासकाचं म्हणणं असं की हा कल एरवी शांत पडून असतो, समाजात एकमत राहिलं नाही, नेत्यांवरचा विश्वास उडाला असं वाटायला लागलं की तो जागा होतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण रात्रंदिवस भांडणं दाखवणारे चॅनेल आणि फोनमधला कलकलाट या लोकांना आतून किती अस्वस्थ करत असेल याचा आपण विचारच करत नाही. त्यांना शांतता हवी असते, आणि सगळे एका सुरात बोलले तरच ती मिळेल असं त्यांना मनापासून वाटतं.

बरं, मग यात वाईट काय, काम होत असेल तर होऊ दे की, असंही लोक मला विचारतात. वाईट हे की त्याची किंमत आधी दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते, म्हणून आपल्याला ती दिसत नाही. त्याच पेरूमध्ये जुलै १९९२ मध्ये लष्कराशी जोडलेल्या एका टोळीने ला कांतुता विद्यापीठातून नऊ विद्यार्थी आणि एका प्राध्यापकाला उचलून नेलं आणि मारून टाकलं. नंतर सरकारी कार्यक्रमात दोन लाखांहून जास्त बायकांच्या नसबंद्या झाल्या, बहुतेक गरीब, खेड्यातल्या, तिथल्या मूळ रहिवाशांची केचुआ भाषा बोलणाऱ्या, आणि त्यातल्या कित्येक जणींना धड विचारलंही नव्हतं. राजधानीत बसून महागाई कमी झाल्याचं समाधान मानणाऱ्या माणसाला हे कळणार कुठून? २००० साली फुजिमोरींचा गुप्तहेर खात्याचा उजवा हात एका खासदाराला नोटा मोजून देतानाचा व्हिडिओ टीव्हीवर आला, तेव्हा सगळं कोसळलं, राष्ट्राध्यक्ष जपानला गेले आणि तिथून फॅक्सने राजीनामा पाठवला. २००९ मध्ये ला कांतुता आणि अशाच इतर हत्यांसाठी त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशाचा प्रश्न मात्र मला खरंच अवघड वाटतो आणि तो टाळणं बरोबर नाही. २०१५ मध्ये तिथे दर लाख लोकांमागे शंभराहून जास्त खून होत होते. मार्च २०२२ मध्ये एकाच दिवशी ६२ खून झाले आणि राष्ट्राध्यक्ष बुकेले यांच्या सरकारने आणीबाणी लावली, तेव्हापासून ८०,००० हून जास्त लोक आत टाकले. टोळ्या खरंच मोडल्या, खून खरंच कमी झाले. ज्या आईचा मुलगा आता टोळीला खंडणी न देता कामावर जातो तिला मी लोकशाहीवर व्याख्यान देऊ शकत नाही, मला तो अधिकारच नाही. पण त्याच देशात अशाही आया आहेत ज्यांचा मुलगा काही न करता पकडला गेला, हजारो लोक नंतर निर्दोष म्हणून सोडावे लागले, आणि त्या आईने दाद मागायची कुणाकडे? घटनापीठाचे पाचही न्यायाधीश मे २०२१ मध्येच हटवले होते, २०२४ मध्ये घटनेत मनाई असताना बुकेले पुन्हा निवडून आले, आणि २०२५ मध्ये कितीही वेळा निवडून यायची मुभा देणारी दुरुस्तीही झाली. दोन्ही आयांनी त्यांनाच मत दिलेलं असू शकतं.

आणि लोकशाहीवाल्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, एक गोष्ट मी कळकळीने सांगते. हिटलर जानेवारी १९३३ मध्ये चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचा सरकारप्रमुख झाला, पण जर्मन संसद त्याच्या आधीच नावापुरती उरली होती. नाझींना १९२८ मध्ये जेमतेम २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ती ३७ टक्क्यांवर गेली, मधल्या काळात बेकारांचा आकडा ६० लाखांच्या आसपास पोचला आणि देश राष्ट्राध्यक्षांच्या अध्यादेशांवर चालत राहिला. १९३२ मध्ये संसदेने केलेले कायदे फक्त ५, आणि अध्यादेश साठच्या घरात. संसदेशिवाय कारभार चालतो हे लोकांना लोकशाहीतल्याच पुढाऱ्यांनी सवयीचं करून दिलं होतं.

म्हणून आता कुणी खमका नेता पाहिजे म्हणालं की मी वाद घालत नाही, आधी विचारते तुमचं कुठलं काम अडलंय. उत्तर लगेच येतं, जमिनीचा दावा, अडकलेली पेन्शन, पोलिसांनी लिहून न घेतलेली तक्रार. त्यावर आम्ही नीट बोलतो, कुणाकडे अर्ज करायचा, मुदत किती, अपील कुठे, हे सगळं, आणि ते बोलून झालं की मग मी विचारते, त्या खमक्या माणसाच्या राज्यात हे अपील कुणाकडे करणार तुम्ही?