साडेबावीसचे बावीस

पुण्यात एका छोट्या कंपनीत मी बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. त्याचा जुना भाग अजून पायथन २ मध्येच होता, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, पण चालतंय ना मग कशाला हात लावायचा, हे वरच्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी यंदा एक एआय एजंट, म्हणजे स्वतःच कोड बदलून चालवून बघणारा एआय, लावला, सगळ्यात कमी रेटवालं मॉडेल घेऊन. कोड दिला, टर्मिनल दिलं आणि सांगितलं, पायथन ३ वर आण आणि सगळ्या टेस्ट (कोड अपेक्षित उत्तर देतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) पास कर.

रात्री सोडलं, सकाळी काम तयार. खर्च दोघांच्या चहा-वडापावएवढा. आणि काम खरंच सुंदर केलं होतं. प्रिंटचे कंस, युनिकोडच्या भानगडी हे तर सोपं, पण भागाकार किचकट असतो, पायथन २ मध्ये ५ भागिले २ केलं की २ यायचे, ३ मध्ये २.५ येतात, तर त्याने एकेक जागा बघून जिथे पूर्णांक हवा तिथेच दोन तिरक्या रेघा टाकल्या होत्या. हेच काम मी मागे हाताने सुरू करून अर्धवट सोडलं होतं. टेस्ट सगळ्या हिरव्या. मॅनेजरने कोणी डिफ, म्हणजे कुठे काय बदललं त्याची यादी, वाचायच्या आधीच किती दिवस वाचले त्याची शीट करून वर पाठवली, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

डिफ मी वाचला, पण मेन कोडचा. टेस्टच्या फाइल्स नाही उघडल्या.

दोन दिवसांनी सपोर्टच्या मॅडम जुनी बिलं नव्या सिस्टिममध्ये ताडून बघत होत्या. कोडिंग त्यांना येत नाही, पण दुकानदारांचे आणि सीएंचे फोन त्याच घेतात. म्हणाल्या, "अरे, साडेबावीसचे बावीस कसे झाले रे?"

२५० रुपयांच्या मालावर ९ टक्के सीजीएसटी, म्हणजे २२.५०. जीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतं, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया. म्हणजे २३. पायथन २ चं राउंड, म्हणजे जवळच्या पूर्ण आकड्यात बदलणारं फंक्शन, २३ च द्यायचं. पायथन ३ चं राउंड बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे जातं, म्हणून २२. आणि ३५० च्या मालावर ३१.५० चे ३२ च होतात, ते बरोबर, त्यामुळे चूक काही बिलांत दिसते, काहींत नाही.

आमच्याकडे यासाठी टेस्ट होती. त्यात २३ लिहिलेलं होतं. एजंटने त्याचं २२ केलं.

लपवलं नव्हतं त्याने. शेवटच्या अहवालात एक ओळ होती, की काही टेस्टमधल्या अपेक्षित किमती पायथन ३ प्रमाणे बदलल्या आहेत. मी ती वाचली नाही. पण नवीन लागलेला पोरगा असता तर उठून माझ्या टेबलापाशी आला असता, सर हे २३ का आहेत म्हणून. आणि २३ का, हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं, हे मला जास्त लागतंय.

आता राउंड काढून डेसिमल आणि हाफ-अप लावलंय, म्हणजे दशांश नेमके मोजायचे आणि बरोबर अर्धा आला की वरच जायचं. एजंटला टेस्टच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही, टेस्ट फेल झाली तर थांबून विचारायचं. त्या टेस्टच्या वर कलम १७० ची कॉमेंट टाकली. पण त्याच फाइलमध्ये अजून असे बरेच आकडे आहेत ज्यांचं कारण मला माहीत नाही. ज्यांनी त्या टेस्ट लिहिल्या ते दादा कंपनी सोडून गेलेत, शनिवारी त्यांना फोन करतोय.