तेवढासा तुकडा

चौथ्या केमोनंतरचा नववा दिवस. रात्रीचे अडीच वाजलेत, झोप नाही, म्हणून लिहायला बसले.

काउंट परत खाली आलेत. पांढऱ्या पेशी इतक्या कमी की डॉक्टर म्हणाल्या गर्दीत अजिबात जायचं नाही, म्हणजे या रविवारी पण मिस्सा, चर्चमधली आमची रविवारची उपासना, नाही. रविवारची मिस्सा चुकवणं म्हणजे पाप हे लहानपणापासून इतकं पक्कं डोक्यात बसलंय ना, की फादरना फोन केला तेव्हा तब्येतीचं बाजूलाच राहिलं, आधी तेच विचारलं. ते म्हणाले, अगं आजारी माणसाला ते बंधनच नाही, कॅटेकिझममध्ये, म्हणजे आपल्या चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकात, स्पष्ट लिहिलंय, तू घरी राहा, मी येतो.

आणि आज आले. मास्क लावून, दारातच हात धुऊन. मला तोंड आलंय, सगळीकडे फोड, लाळ सुटत नाही, पाणीसुद्धा टोचतं. त्यात अर्ध्या तासापूर्वीच मळमळीची गोळी जावी म्हणून चार घास बळंबळं खाल्ले होते, म्हणून म्हटलं फादर आज नको, उपास मोडलाय. फादर म्हणाले, कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर घेण्याच्या, आधी एक तास काही खायचं नाही हा नियम आजाऱ्यांना लागू नाही, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. म्हणजे रात्रंदिवस माझ्यामागे धावणाऱ्या माझ्या नवऱ्याचाही विचार कुणीतरी करून ठेवलाय! हे ऐकून मला एकदम भरून आलं. मग फादरनी होस्तीचा, त्या पातळ पवित्र भाकरीचा, अगदी बारीक तुकडा मोडला, नखाएवढा, चमच्यात पाण्याच्या थेंबाबरोबर दिला. म्हणाले, एवढ्याशा तुकड्यातही ख्रिस्त पूर्ण असतो, अर्धा नसतो. हे मी कॅटेकिझमच्या वर्गात पाठ केलं होतं, पण त्याची गरज आज पडली. आज माझ्याकडून एवढंच गिळलं जात होतं आणि तो तेवढाच होऊन आला.

ऑपरेशनच्या आधीची गोष्ट लिहायची राहून गेलीये. अनॉइंटिंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा संस्कार, घ्यायचं का असं फादरनी विचारलं तेव्हा आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिच्या मनात ते तेल म्हणजे शेवटचं. तिच्या लहानपणी फादर तेलाची डबी घेऊन घरात शिरले की शेजारीपाजारी रडायलाच लागायचे. खरं सांगायचं तर मीही घाबरले, वाटलं डॉक्टरांनी फादरना काहीतरी सांगितलंय आणि मला सांगत नाहीयेत. मग फादरनी बसून नीट समजावलं, की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, जगभरच्या बिशपांच्या सभेत, ठरलं की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचा विधीसुद्धा नवा करून दिला, गंभीर आजारात कधीही घेता येतो, मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतो, आजार वाढला तर परत घेता येतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातली ती ओळ त्यांनी आईलाच वाचायला लावली, तुमच्यात कुणी आजारी आहे का, त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे धर्मगुरूंना, बोलवावं. आईचा आवाज कापत होता पण तिनं वाचलं.

कपाळावर तेल, मग दोन्ही तळहातांवर. डाव्या हाताला सलाइनची सुई लावून लावून निळं-काळं झालं होतं, तो हात मी सगळ्यांपासून लपवायचे. तोच हात फादरनी हळूच धरला. बरी होईन की नाही ते त्या क्षणीही कळलं नाही मला. पण त्या हाताची लाज गेली ती आजतागायत परत आली नाही.

प्रार्थना मात्र होत नाही. हे फादर सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. डोळे मिटले की डोक्यात रिपोर्टचे आकडे. देवाला म्हणायला शब्द सापडत नाहीत, आणि सापडतात ते रागाचे. फादर म्हणाले मग रागाचेच म्हण, स्तोत्र ८८ काढ. काढलं. बाकीच्या स्तोत्रांमध्ये रडणं-ओरडणं झालं तरी शेवटी कुठेतरी आशा येतेच, याच्यात येतच नाही, ते अंधारातच संपतं. बायबलमध्ये असं काही आहे आणि ते चर्चमध्ये प्रार्थना म्हणून म्हटलं जातं हे मला माहीतच नव्हतं! तेव्हापासून वाईट रात्री मी तेच म्हणते.

रोजरीचं, म्हणजे मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेचं, पण असंच. या औषधानं बोटांची टोकं बधिर झालीत, मणी हाताला नीट कळतच नाही, मोजणी चुकते, एका दशकात, म्हणजे दहा मण्यांच्या भागात, कधी बारा तर कधी चौदा नमो मरिया, मरियामातेच्या प्रार्थना, होतात. मग ताईनं तोडगा काढला, ती फोनवर म्हणते आणि मी फक्त ऐकते, जमलं तर उत्तरार्ध पुटपुटते, "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" पाशी कधीकधी अडकते. ती थांबते. घाई करत नाही. रोजरी म्हणताना येशूच्या आयुष्यातले जे प्रसंग मनात आणायचे त्यांना रहस्यं म्हणतात, आणि दु:खाच्या रहस्यांत पहिलंच रहस्य गेथशेमाने बागेचं आहे, तिथं येशूसुद्धा म्हणतो हा प्याला टळू दे, आणि सोबत आणलेले मित्र झोपलेले असतात. माझी ताई जागी असते.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. कुणीतरी मला म्हणालं होतं, श्रद्धा असेल तर औषधं कशाला, सोड सगळं आणि नुसती प्रार्थना कर. मी दोन दिवस घुसमटले. मग आमच्या कॅथलिक बायबलमधल्या सिराख नावाच्या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात सापडलं, वैद्याचा मान ठेव, त्याला देवानंच निर्माण केलंय, आजारात प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे. दोन्ही एकाच ठिकाणी. कॅन्सर असणाऱ्यांचे संत पेरेग्रीन, त्यांचा पाय कापायचं ठरलं होतं आणि ते आदल्या रात्री रांगत क्रुसापाशी गेले म्हणतात, सकाळी पाय बरा. लोक मला नेहमी ती सकाळ सांगतात. मला ती रात्र जास्त जवळची वाटते.

"दुखणं देवाला अर्पण कर" असं कुणी म्हटलं की पूर्वी राग यायचा, कारण म्हणणाऱ्याला दुखत नसतं. गेल्या केमोला शेजारच्या खुर्चीत एक मुलगा होता, विशीतला असेल, पहिलीच वेळ, त्याचे पाय थरथरत होते. तेव्हा मनात आपोआप आलं की आजची माझी मळमळ याच्यासाठी घे. कशी घेशील तुझं तू बघ. त्याचं नावही माहीत नाही मला.

उद्या सकाळी परत रक्त द्यायचंय. ताईचा मेसेज आलाय, जागी आहेस का. हो म्हणून कळवते, एक दशक म्हणू.